पदवीबरोबरच शिक्षकीचा कागद: माझ्या जुन्या फाइलीतून

परवा मामेबहिणीचा फोन आला. बारावी सायन्सला आहे ती. ‘‘ताई, मला शिक्षिका व्हायचंय. पण आधी तीन वर्षं बी.एस्सी., मग दोन वर्षं बी.एड., मग ती टीईटी. एवढं होईपर्यंत म्हातारी होईन मी! डिग्री करता करताच लायसन्स मिळतं ना, तुला मिळालं तसं?’’

लायसन्स हा शब्द तिने अगदी स्कूटीच्या लायसन्ससारखा वापरला. आपल्याकडे शिक्षकाला असा एकच कागद मिळत नाही. दोन लागतात. एक व्यावसायिक अर्हतेचा, म्हणजे एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) मान्यता असलेला डी.एल.एड. किंवा बी.एड.सारखा अभ्यासक्रम पास झाल्याचा. दुसरा शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे राज्याच्या टीईटीचा किंवा केंद्राच्या सीटीईटीचा. पहिली ते आठवीला शिकवायचं तर दुसऱ्यावाचून चालत नाही. २०१० मध्ये एनसीटीईने ती अट घातली. पहिला कागद कॉलेज देतं, दुसरा आपला आपण जाऊन आणायचा. पदवीच्या काळात दोन्ही हातात येऊ शकतात. मी २०१८ ते २०२२ या चार वर्षांत आणले. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते. बहिणीला फोनवर अर्धंच सांगून झालं, म्हणून उरलेलं इथे लिहिते.

आधी रस्ता नीट बघा

दोन वर्षांच्या बी.एड.ला प्रवेश घ्यायला पदवी हातात असावी लागते. त्यामुळे ‘बी.ए. चालू असतानाच शेजारी बी.एड. उरकून देतो’ असं कोणी म्हणालं, की चहा संपवायचा आणि उठायचं. एकाच वेळी दोन पदव्या करायला यूजीसीने २०२२ मध्ये परवानगी दिली, तिचा हवाला देऊन असं सांगणारे बरेच भेटतात. त्या परवानगीने बी.एड.ची प्रवेशाची अट काही उडालेली नाही. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने अशा ‘घरबसल्या’ बी.एड.मध्ये दोन वर्षं आणि वडिलांचे पैसे घालवले. गुणपत्रिका मिळाली, पण ती कुठेच चालेना.

सरळ रस्ता चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचा. बी.एस्सी.-बी.एड. किंवा बी.ए.-बी.एड., बारावीनंतर थेट, आठ सत्रं. पाच वर्षांचं काम चारात होतं. माझ्या वेळी महाराष्ट्रात त्याची वेगळी सीईटी होती. आता तो जुना प्रकार आटोपत आलाय आणि त्याच्या जागी आयटीईपी, म्हणजे नव्या पद्धतीचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, आलाय. नव्या शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. हीच शिक्षकाची किमान पदवी करायचं ठरवलंय, त्यातलाच हा भाग. प्रवेश एनसीईटी या परीक्षेतून. ती एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते, २०२३ मध्ये पहिल्यांदा झाली. भाषा, तुमचे विषय, सामान्य ज्ञान आणि अध्यापन अभिरुची असे भाग असतात. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. मराठीतूनही देता येते. बारावीला ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. भोपाळला एनसीईआरटीची प्रादेशिक शिक्षण संस्था आहे, तिच्या पश्चिम विभागात महाराष्ट्र येतो. घर सोडायची तयारी असेल तर तिचाही विचार करा. तिथे आवारातच शाळा आहे, ही मोठी सोय.

तिसरी वाट बारावीनंतर दोन वर्षं डी.एल.एड. करण्याची, ज्याला घरोघरी अजून डी.एड.च म्हणतात. तुम्हाला पहिली-दुसरीची मुलं आवडत असतील तर ही वाट कमी लेखू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही. माझ्या बी.एड.वर मला पाचवीपर्यंतची जागा मिळणार नाही, डी.एड.वाल्या मैत्रिणीला मिळेल. म्हणून लहान मुलं की मोठी, हे अर्ज भरण्याआधी ठरवा. आयटीईपीतही पायाभूत, पूर्वाध्ययन, मध्य आणि माध्यमिक असे स्तर आहेत. कॉलेजला कोणत्या स्तराची मान्यता आहे हे विचारा. काउंटरवर ‘सगळं चालतं’ असं उत्तर मिळालं तर लेखी मागा.

मान्यतेचा आदेश बघायला लाजू नका

प्रवेश घेण्याआधी एनसीटीईच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडा. कॉलेजचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि मंजूर जागा या तिन्ही गोष्टी जुळवून घ्या. विद्यापीठाची संलग्नता वेगळी आणि एनसीटीईची मान्यता वेगळी, दोन्ही हव्यात. बाबांनी माझ्या वेळी मान्यतेच्या आदेशाची झेरॉक्स मागितली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ती झेरॉक्स सहा वर्षांनी कागदपत्र पडताळणीला गेले तेव्हा फाइलीत होती. तिथे ती कोणी मागितली नाही. पण शेजारच्या टेबलावर एका मुलीला मागितली, आणि ती कॉलेजला फोन लावत बसली होती.

त्याच दिवशी आणखी एक विचारून घ्या: पुढे एम.एस्सी. करायची झाली तर या पदवीतले विषयाचे श्रेयांक (क्रेडिट) पुरतात का? अकरावी-बारावीला शिकवायचं तर पदव्युत्तर पदवी लागते, आणि हा प्रश्न मुलांना चौथ्या वर्षी आठवतो.

दोन घोड्यांवर पाय

पहिलं वर्ष फसवं असतं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जोडीला ‘बाल्यावस्था आणि विकास’सारखा एखादा पेपर. वाटतं, बी.एड. म्हणजे काय, भाषणं ठोकली की झालं. दुसऱ्या वर्षापासून खरी गंमत. मंगळवारी दुपारी रसायनाचं प्रात्यक्षिक आणि त्याच दुपारी शाळेत पाठ. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांत उपस्थिती अभ्यासक्रमाला ८० टक्के आणि इंटर्नशिपला ९० टक्के सांगितली आहे. म्हणजे एकाला दांडी मारून दुसरं सांभाळायची सोय नाही. सत्र सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात दोन्ही विभागांची वेळापत्रकं एका कागदावर मांडायची, जिथे आपटतात तिथे लाल खूण करायची आणि दोन्ही विभागप्रमुखांना तो कागद एकाच वेळी दाखवायचा. एकेकट्याने गेलं तर दोघंही ‘त्यांना सांग’ म्हणतात. आम्ही तिघी मिळून गेलो, तेव्हा प्रात्यक्षिकाची बॅच बदलून मिळाली.

आणि मूळ विषय ढिला सोडू नका. आमच्या वर्गातली बरीच मुलं चार्ट रंगवण्यात रात्री घालवायची आणि कॅल्क्युलसमध्ये अडकायची. एटीकेटी राहिली की पदवीही अडकते आणि बी.एड.ही, कारण गुणपत्रिका एकच.

पाठ

याबद्दल मात्र मी जरा लांबण लावणार आहे.

आधी सूक्ष्म पाठ. समोर शाळेतली मुलं नसतात, आपलेच सात-आठ मित्र विद्यार्थी होऊन बसतात. एका वेळी एकच कौशल्य: प्रश्न विचारणं, फलकलेखन, चेतक बदल (आवाज, हावभाव बदलत लक्ष टिकवणं), प्रबलन (शाबासकी देणं). सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं अभिप्राय ऐकायचा, बारा मिनिटांत पुन्हा नियोजन, परत सहा मिनिटं शिकवायचं, परत सहा मिनिटं अभिप्राय. एकूण ३६ मिनिटं. सगळ्यांना हा पोरखेळ वाटतो. माझ्या पहिल्या प्रश्न कौशल्याच्या पाठात मी सहा मिनिटांत चौदा वेळा ‘समजलं का?’ विचारलं, असं मैत्रिणीने रेघा ओढून मोजलं होतं. ‘समजलं का’ हा प्रश्नच नव्हे, हे मला त्या रेघांनी शिकवलं. तेव्हा निरीक्षणाला अशी कोणीतरी निवडा जी तुमची लाज राखणार नाही.

मग शाळेतले सराव पाठ. पाठ टाचण लिहायचं: उद्दिष्टं, प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, मूल्यमापन, स्वाध्याय. वरिष्ठांच्या जुन्या टाचणवह्या बाजारभावाने फिरत असतात. उतरवून काढू नका, असा उपदेश मी करत नाही, सगळेच थोडंफार उतरवतात. फक्त प्रस्तावनेचे प्रश्न स्वतःचे लिहा. कारण टाचणात ‘अपेक्षित उत्तर’ म्हणून जे लिहिलेलं असतं ते मुलं कधीच देत नाहीत.

जानेवारी २०२०, सातवीचा वर्ग, हवेचा दाब. माझी कल्पना अशी, की पाण्याने भरलेल्या पेल्यावर कागद ठेवायचा, पेला उलटा करायचा, पाणी सांडणार नाही, मुलं टाळ्या वाजवतील आणि मी म्हणेन, ‘‘का बरं सांडलं नाही?’’ घरी पोस्टकार्डावर करून पाहिलं होतं, छान जमलं होतं. शाळेत पोस्टकार्ड विसरले, म्हणून वहीचं पान घेतलं. पान भिजलं, मधे पोट आलं आणि अख्खा पेला हजेरीपटावर. वर्ग पंधरा मिनिटं हसत होता. मागच्या बाकावर निरीक्षक मॅडम मान खाली घालून लिहीत होत्या. मला वाटलं पाठ रद्द. तेवढ्यात पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, वहीचा पुठ्ठा लावा की.’’ पुठ्ठा लावला, पेला उलटा केला, पाणी थांबलं. अभिप्रायात मॅडमनी दोनच ओळी लिहिल्या होत्या: ‘प्रयोग त्याच साहित्याने तीनदा करून मगच वर्गात आणावा. विद्यार्थ्याची सूचना स्वीकारली, हे उत्तम.’ तो कागद मी अजून ठेवलाय. साहित्याची पिशवी आदल्या रात्री दाराला अडकवायची सवय त्या दिवसापासूनची.

तिसरं वर्ष लॉकडाऊनमध्ये गेलं. पाठ मोबाइलसमोर, मागे आईची कुकरची शिट्टी. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

इंटर्नशिप आणि सीटीईटी एकमेकांना जोडा

इंटर्नशिप, म्हणजे कागदोपत्री आंतरवासिता, एकूण २० आठवड्यांची असते. आमची ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा उघडल्या तेव्हा सुरू झाली. परिपाठ घेणं, घटक चाचणी काढणं, तिचा संविधान तक्ता (कोणत्या घटकाला किती गुण, याचा आराखडा) बनवणं, पालकसभेत मागे खुर्च्या लावणं, सगळं. यातच सीटीईटी द्यायची. चौथ्या वर्षात असताना ती देता येते, निकालाची वाट पाहायची गरज नाही. मी जानेवारी २०२२ मध्ये दिली, मार्चमध्ये निकाल आला. पदवीची गुणपत्रिका त्यानंतर आली.

बी.एड.वाल्यांनी पेपर दोन द्यायचा, सहावी ते आठवीचा. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, वजा गुण नाहीत. बालविकास आणि अध्यापनशास्त्र ३०, पहिली भाषा ३०, दुसरी भाषा ३०, आणि उरलेले ६० गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्राचे. पास व्हायला ६० टक्के, म्हणजे ९०. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पूर्वी सात वर्षांची मुदत होती, ती २०२१ मध्ये काढली. तेव्हा ‘नंतर मुदत संपेल’ म्हणून थांबण्यात काही अर्थ उरलेला नाही. आणि टाळण्यातही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त असलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं. माझ्या ओळखीचे एक सर वीस वर्षं नोकरी झाल्यावर रात्री जेवणानंतर पियाजे या मानसशास्त्रज्ञाचे सिद्धांत पाठ करत बसतात. त्यांच्यापेक्षा तेविसाव्या वर्षी उरकलेलं बरं.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. सीटीईटीत मराठी घेता येते ती फक्त भाषेच्या भागासाठी. गणित-विज्ञानाचे आणि बालविकासाचे प्रश्न हिंदी आणि इंग्रजीतच येतात. मराठी माध्यमातून आलेल्यांनी शब्दांची एक यादी करावी: ‘भिन्न’ म्हणजे आपला अपूर्णांक, ‘समकोण’ म्हणजे काटकोन, ‘घनत्व’ म्हणजे घनता. ‘आयतन’ पाहून मला आयत आठवला आणि दोन मिनिटं क्षेत्रफळ काढत बसले. ते घनफळ होतं. राज्याची टीईटी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, तिच्यात मराठीतून प्रश्न येतात. दोन्ही द्या. जी आधी पदरात पडेल ती आपली. सीटीईटीला एनसीईआरटीची सहावी ते आठवीची पुस्तकं आणि राज्याच्या टीईटीला बालभारतीची, एवढ्यावर विषयाचा भाग निघतो. हजार पानी गाईड मी घेतलं होतं, त्याचा उपयोग आता टेबलाचा एक पाय उचलायला होतो.

बालविकासाचे प्रश्न मात्र पाठांतराने सुटत नाहीत. ते असे येतात: मुलाने अमुक चूक केली, शिक्षकाने काय करावं? चारही पर्याय चांगलेच वाटतात. इथे इंटर्नशिपची वही कामाला येते. मी रोज एकाच मुलाची एकच चूक लिहून ठेवायचे. सहावीतल्या एकाने १/२ + १/३ = २/५ लिहिलं. मी लाल फुली मारली. तिथल्या गणिताच्या बाई म्हणाल्या, ‘‘फुली मारलीस, पण त्याला विचारलंस का, कसं केलं?’’ विचारलं. तो म्हणाला, ‘‘इकडे दोनातली एक भाकरी, तिकडे तिनातली एक. सगळ्या मिळून पाचातल्या दोन.’’ त्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबर होता. दोन्हीकडचं अख्खं एकच असावं लागतं, हे त्याला कोणी दाखवलं नव्हतं. मग आम्ही एकच कागद घेतला, एकदा त्याचे दोन भाग केले, एकदा तीन, आणि मग दोन्ही घड्या घालून सहा. त्याने स्वतःच पाच तुकडे मोजले. परीक्षेत ‘मुलाच्या चुकीकडे शिक्षकाने कसं पाहावं’ छापाचे प्रश्न आले की मी डोळ्यांसमोर तो मुलगा आणायचे आणि पर्याय निवडायचे. त्या भागात मला ३० पैकी २६ मिळाले.

सह्या, सह्या आणि सह्या

प्रत्येक पाठाच्या टाचणावर दोन सह्या लागतात, एक कॉलेजच्या निरीक्षकांची आणि एक शाळेतल्या शिक्षकांची. त्या पाठ संपल्याबरोबर, वर्गाच्या दारातच घ्यायच्या. ‘उद्या घेते’ म्हणून माझे दोन पाठ राहिले आणि त्या बाईंची बदली झाली. फाइल जमा करायला चार दिवस असताना एसटीने दुसऱ्या तालुक्याला गेले. बाई शेतावर होत्या. बांधावर बसून त्यांनी सह्या केल्या, वर शेंगा दिल्या. वही मातीने माखली, कॉलेजात त्यावरूनही बोलणी खाल्ली.

नावाचंही बघा. दहावी, बारावी, आधार, सीटीईटीचा अर्ज आणि पदवी, सगळीकडे नाव एकाच क्रमाने आणि एकाच स्पेलिंगने हवं. चूक दिसली तर पहिल्या वर्षीच दुरुस्तीचा अर्ज टाका, चौथ्या वर्षी त्यासाठी वेळ नसतो.

पुढे

हे दोन्ही कागद म्हणजे नोकरी नव्हे. जिल्हा परिषदेत किंवा अनुदानित शाळेत लागायचं तर टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. दोन तासांत २०० प्रश्न, आणि मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम. टीईटी आणि टेट या नावांत सगळ्यांचा गोंधळ होतो, माझ्या आईचा अजून होतो. टीईटी पास-नापासाची, टेट गुणांच्या स्पर्धेची. टेट रोज उठून होत नाही: २०१७, मग थेट २०२३ च्या सुरुवातीला, मग २०२५. जाहिरात आली त्या दिवशी दोन्ही कागद तयार असतील तर ठीक, नाहीतर पुढच्या खेपेपर्यंत किती वर्षं जातील, काही सांगता येत नाही. मी २०२३ ची दिली आणि २०२४ मध्ये शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले, महिना १६,००० रुपये मानधनावर, तीन वर्षांसाठी. घरी हा आकडा आधीच सांगून ठेवा.

पडताळणीच्या दिवशी टेबलापलीकडच्या बाबूंनी माझी फाइल उलटसुलट चाळली. बारावी, आठही सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी, सीटीईटी, टेटचे गुण. प्रत्येक कागदावर पेन्सिलीने टिक. मग मातीचा डाग पडलेली पाठांची वही हातात घेतली, वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाले, ‘‘ही कशाला आणली? ही लागत नाही.’’ मी ती पिशवीत परत ठेवली.